संध्याकाळी सात वाजले की ४० मीटरवर घरघर: स्पर्धेत ऐकूच न येण्याचा आजार

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या स्पर्धेत ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायचा असतो. समोरचा उत्तर देतो आणि आपल्याला ते ऐकूच येत नाही, हा तिथला आजार. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा आजार हाच आहे का ते कळेल.

स्पर्धेचा शनिवार. दिवसभर १० आणि १५ मीटरच्या बँडवर (बँडचं नाव तरंगलांबीवरून) बरं चाललेलं असतं. सकाळी जपान, दुपारनंतर युरोप, दोन-तीन हाकांत उत्तर मिळतं. संध्याकाळी ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर येता आणि एकही स्टेशन लावलेलं नसताना एस-मीटरचा (सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) काटा एस८ वर जाऊन बसतो. मोठ्या अँटेनावाली युरोपियन स्टेशनं त्यातूनही स्वच्छ ऐकू येतात, त्यामुळे बँड उघडा आहे, म्हणजे लहरी लांबून पोचताहेत, हे कळतं. मोकळी जागा बघून तुम्ही ‘सीक्यू कॉन्टेस्ट’, म्हणजे ‘स्पर्धेसाठी कुणीही उत्तर द्या’, अशी हाक देता. घरघरीच्या तळाशी कुणीतरी बोलतंय असं जाणवतं. एखादं ‘ऑस्कर’ (‘ओ’ हे अक्षर) हाती लागतं, बाकीचा कॉलसाइन, म्हणजे त्या स्टेशनाचं ओळखचिन्ह, बुडतो. तीनदा ‘अगेन, अगेन’ म्हटल्यावर तो बिचारा निघून जातो. दहा वाजेपर्यंत कान किटतात आणि रिग, म्हणजे रेडिओचा संच, बंद होते.

माझ्याकडे सलग दोन वर्षं हेच झालं. डोंबिवलीतली चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर घर, गच्चीवर ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या ‘व्ही’सारखी ताणलेली तारेची अँटेना), १०० वॉटची रिग. अँटेना अगदी साधी आहे, दोन्ही बाजूंना साधारण ३३-३३ फूट तार. हीच तार १५ मीटरवर तिसऱ्या हार्मोनिकवर (तिप्पट फ्रीक्वेन्सीवर) चालते, म्हणून एका तारेत दोन बँड मिळतात. जागा आणि परवानगी दोन्हीची चणचण असणाऱ्यांना याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

त्या दोन वर्षांत मी पॉवर वाढवणाऱ्या लिनिअर ॲम्प्लिफायरसाठी पैसे साठवत होतो. औषधच चुकीचं होतं. १०० वॉटचे ४०० वॉट केले तर ६ डेसिबल (पॉवर किती पट झाली त्याचं माप) मिळतात, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट. घरातला गोंगाट एस८ वरून एस५ वर आणला तर हिशोबाने १८ डेसिबल, म्हणजे जगातल्या प्रत्येक स्टेशनाने आपली पॉवर साठेक पटीने वाढवल्यासारखं. (बऱ्याच रिगचा मीटर एस९ च्या खाली इतका काटेकोर नसतो, तेव्हा आकडा तंतोतंत धरू नका. दिशा मात्र खरी आहे.)

आपल्याकडून तर हे जास्तच लागू पडतं. सीक्यू वर्ल्ड वाइड या जागतिक स्पर्धेत जग झोनांत वाटलेलं असतं, भारत झोन २२ मध्ये येतो आणि त्या झोनमधून हवेवर येणारी स्टेशनं युरोपच्या मानाने फार थोडी असतात. झोन आणि देश दोन्ही मल्टिप्लायर (एकूण गुणांना गुणणारे) असल्यामुळे ‘फाइव्ह नाइन टू टू’ (सिग्नलचा रिपोर्ट ५९ आणि झोन २२) ऐकायला लोक थांबतात, आपल्याला शोधत येतात. दुसऱ्या खंडातल्या संपर्काला ३ गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला १, आणि मल्टिप्लायर प्रत्येक बँडवर नव्याने मोजले जातात. म्हणजे ४० मीटरची रात्र सोडून देणं फार महाग पडतं. आपल्याला हाक मारणाऱ्यांत पाच वॉटवाला असतो, बाल्कनीतल्या तारेवाला असतो. त्याने आपल्याला ऐकलेलं असतं, आपण त्याला ऐकत नाही.

खरंच ऐकण्याचाच दोष आहे का?

हे अंदाजाने ठरवू नका, मोजता येतं. मोर्स येत असेल तर स्पर्धेच्या आदल्या रात्री ४० मीटरवर दोन-चार वेळा सीक्यू द्या आणि रिव्हर्स बीकन नेटवर्कच्या संकेतस्थळावर आपला कॉलसाइन बघा. युरोपातले स्वयंचलित रिसीव्हर तुम्हाला १५-२० डेसिबलने पकडत असतील आणि तरी तुम्हाला उत्तर ऐकू येत नसेल, तर अँटेनाला आणि पॉवरला दोष देण्यात अर्थ नाही.

मोर्स येत नसेल तर ७.०७४ मेगाहर्ट्झवर तासभर एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारी डिजिटल पद्धत) चालवा. तुम्ही दिलेले आणि तुम्हाला मिळालेले रिपोर्ट (सिग्नलचे डेसिबलमधले आकडे, जितका जास्त उणे तितका कमकुवत) दोन रांगांत लिहा. समोरच्यांची पॉवर कमी-जास्त असते, म्हणून दोन-तीन संपर्कांवरून काही ठरवू नका, वीस-पंचवीस होऊ द्या. मला उणे ६, उणे ८ असे रिपोर्ट येत होते आणि मी उणे १८, उणे २० देत होतो. पूर्ण पान तसंच भरलं. त्या रात्री ॲम्प्लिफायरचा विषय मी बंद केला.

आवाज कुठून येतो: आधी आपलं घर

पहिली पायरी दहा सेकंदांची. रिगच्या मागचा कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, काढा. आवाज तसाच राहिला तर तो पॉवर सप्लायमधून किंवा रिगला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या वायरींतून येतोय. पडला, तर अँटेना आणि कोॲक्समार्गे येतोय. बहुतेकांचा पडतो.

दुसरी पायरी जरा तयारीची. १२ व्होल्टची एक बॅटरी आणा. नुसतं ऐकायला रिगला एक-दीड अँपिअर पुरतो, तेव्हा साधी ७ अँपिअर-तासाची यूपीएसची बॅटरीही चालते (त्यावर ट्रान्समिट मात्र करू नका, १०० वॉटला वीसेक अँपिअर लागतात). रिग बॅटरीवर लावा, आवाज सुरू असतानाच्या वेळी घरातल्यांना सांगून मेन स्विच खाली करा आणि मीटर बघा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नाहीतर मेन गेल्यावर तोच सुरू होईल आणि चाचणी फसेल. इन्व्हर्टर स्वतःच मोठा आवाजी असतो.

काटा खाली आला तर चोर घरात आहे. एकेक एमसीबी वर करत जा, ज्याला काटा उडी मारेल त्या सर्किटवरच्या वस्तू एकेक करून काढा. बंद करून भागत नाही, प्लगमधून काढा. मोबाइलचा चार्जर फोन न लावताही ओरडतो. आमच्याकडे तीन निघाले: राउटरचा ॲडॉप्टर, स्वयंपाकघरातला एलईडी पॅनेल आणि सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर. ॲडॉप्टर बदलले, पॅनेलचा ड्रायव्हर बदलला. एस८ चा एस७ झाला. मेहनतीच्या मानाने थोडं वाटलं, पण पुढचं काम सोपं झालं, कारण आता उरलेला सगळा आवाज बाहेरचा होता.

बाहेरचा चोर वेळेवरून ओळखा

हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण दोन वर्षं मी इथेच चुकलो. रात्री ४० मीटरवर आवाज वाढतो हे पुस्तकातलं वाक्य डोक्यात पक्कं होतं. अंधार पडला की दूरदूरच्या विजांचा खडखडाट आयनोस्फिअरवरून (वातावरणाचा रेडिओ लहरी परतवणारा वरचा थर) येऊन पोचतो, हे खरंच आहे. पण तो हळूहळू वाढतो, अर्ध्या-पाऊण तासात. माझा आवाज कसा वाढत होता ते मी कधी बघितलंच नव्हतं.

म्हणून एक वही घ्या आणि आठवडाभर वेळ, बँड, काटा आणि आवाजाचा पोत लिहा. सूर्य उगवल्यावर सुरू होऊन मावळतीला थांबणारा आवाज जवळपासच्या सोलर इन्व्हर्टरचा असण्याची दाट शक्यता. अर्धा मिनिट घरघर, मग शांत, परत घरघर: लिफ्टचा ड्राइव्ह (मोटर चालवणारा भाग). करकरीत भाजल्यासारखा, हवेतल्या दमटपणाप्रमाणे कमी-जास्त होणारा आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर बदलणारा आवाज विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरचा किंवा सैल जोडाचा असतो. तो शोधून वीज कंपनीला कळवायचा, स्वतः खांबाजवळ जायचं नाही. वॉटरफॉलवर, म्हणजे बँडवरचे सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावर, ठरावीक अंतराने फुगीर पट्टे दिसत असतील आणि ते हळूहळू सरकत असतील तर कुठला तरी स्विचिंग सप्लाय (चार्जर, ॲडॉप्टर यांच्यासारखा). १४.०३० आणि २१.०५२ मेगाहर्ट्झच्या आसपास बारीक शिट्टी असेल तर नेटवर्कची केबल बघा.

माझ्या वहीत पाच दिवस एकच नोंद पडली: ७.०० वाजता एस४ वरून एस७. सात वाजून दोन मिनिटांनी नाही आणि सातला पाच कमी असतानाही नाही. निसर्ग घड्याळ बघून येत नाही.

सहाव्या दिवशी पावणेसातला शॉर्टवेव्ह असलेला छोटा ट्रान्झिस्टर घेतला, ७ मेगाहर्ट्झच्या जवळ दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी लावला आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. नुसता हलका सू-सू आवाज. खाली मीटरच्या खोलीत टायमरचा ‘टक’ असा आवाज झाला, जिन्यातले दिवे लागले आणि हातातला ट्रान्झिस्टर एकदम पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. तळमजल्यापासून गच्चीच्या दारापर्यंत आठ दिवे. मी रेडिओ प्रत्येक दिव्याच्या शक्य तितका जवळ नेत चढत गेलो. पाच दिव्यांशी आवाज जेमतेम वाढायचा. तीन दिव्यांशी रेडिओ नुसता ओरडायचा, आणि त्यातला एक बरोबर गच्चीच्या दाराशी, माझा कोॲक्स जिथून खाली उतरतो तिथून चार फुटांवर.

सेक्रेटरी काकांना बोलावून ट्रान्झिस्टरच ऐकवला. डेसिबल आणि आयनोस्फिअर काही सांगितलं नाही. दिवा काढला की रेडिओ गप्प, लावला की घरघर. दोनदा बघून ते म्हणाले, “अहो, मग बदला की. माझ्याकडे एफएमवर गाणी लागत नाहीत ती यामुळेच का?” त्याचं उत्तर मला ठामपणे देता आलं नाही, पण परवानगी तिथेच मिळाली. शेजाऱ्यांशी बोलायचं तर असंच बोला: तक्रार घेऊन जाऊ नका, रेडिओ घेऊन जा. बदलाचा खर्चही आपणच करावा. गच्चीवर आपली तार वर्षभर सांभाळून घेतली जाते, त्यापुढे तीन बल्बांची किंमत काहीच नाही.

नवे बल्ब घेताना एक युक्ती करा. इलेक्ट्रिकच्या दुकानात बल्ब तपासायचा बोर्ड असतोच. तोच ट्रान्झिस्टर खिशातून न्या, बल्ब होल्डरला लावायला सांगा आणि रेडिओ वीतभर अंतरावर धरा. नावाजलेला ब्रँडही कधी आवाजी निघतो, स्वस्तातलाही कधी शांत निघतो. पाकिटावरून काही कळत नाही.

कोॲक्सची बाहेरची बाजू

दिवे बदलून एस५ झाला. उरलेला कोॲक्समार्गे येत होता. डायपोलला, म्हणजे अशा दोन बाजूंच्या तारेच्या अँटेनेला, नुसता कोॲक्स जोडला की त्याच्या जाळीची बाहेरची बाजूही अँटेनेचा तिसरा पाय होते. इमारतीतून खाली उतरताना ती भिंतीतल्या सगळ्या वायरींशेजारून जाते आणि त्यांचा कचरा गोळा करून वर नेते. त्यावर इलाज म्हणजे फीडपॉइंटलाच (कोॲक्स अँटेनेला जोडतो तिथे) कॉमन-मोड चोक, म्हणजे बाहेरच्या बाजूचा प्रवाह अडवणारं वेटोळं. मी २.४ इंचाच्या, ३१ मिक्सच्या (मिक्स म्हणजे फेराइटचा प्रकार) टोरॉइडवर, म्हणजे कड्यावर, आरजी-५८ कोॲक्सचे १२ वेढे घेतले, प्लास्टिकच्या डब्यात बसवून तोंडं सिलिकॉनने बंद केली. असाच दुसरा चोक खोलीत, रिगच्या आधी.

मिक्सबद्दल जपून. मुंबईत लॅमिंग्टन रोडला टोरॉइड भरपूर मिळतात, पण फेराइट सगळे सारखेच काळे-करडे दिसतात. रंगावरून मिक्स कळत नाही. नॅनोव्हीएनए हे मोजणीचं छोटं यंत्र असेल किंवा मित्राकडून मिळत असेल तर दहा वेढे घेऊन ७ मेगाहर्ट्झवर इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) मोजा, दोन-तीन हजार ओम दिसला तर डोळे झाकून घ्या. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचे गठ्ठे मुख्यतः वरच्या फ्रीक्वेन्सीसाठी असतात. एकदाच वायर ओवून ७ मेगाहर्ट्झवर फारसा फरक पडत नाही. वेढे वाढवा. परिणाम साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दोनाचे चार वेढे केले की चौपट.

याच चोकने दुसरा एक त्रास जातो. १५ मीटरवर बोलायला लागलं की यूएसबी तुटणं, लॉगिंगचं (संपर्क नोंदवायचं) सॉफ्टवेअर अडकणं, माइकच्या जाळीला ओठ लागला की चटका बसणं. बरेच जण यावर अर्थिंगची जाड तार खाली सोडायला सांगतात. तिसऱ्या मजल्यावरून जमिनीपर्यंत दहा मीटर तार होते आणि ७ मेगाहर्ट्झवर दहा मीटर म्हणजे जवळपास पाव वेव्हलेंग्थ. खालचं टोक जमिनीत असलं तरी वरच्या टोकाला रेडिओ फ्रीक्वेन्सीसाठी (आरएफ) ती तार तुटल्यासारखीच वागते. विजेच्या सुरक्षेचं अर्थिंग नीट हवंच, त्याला हात लावू नका. पण आरएफसाठी त्याच्या भरवशावर राहू नका, चोक लावा.

रिगवरची बटणं

४० मीटरवर प्रीॲम्प (आत येणारं सगळं वाढवणारा) बंद. त्याने सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच वर जातात, वर मोठी स्टेशनं रिसीव्हर दाबून टाकतात. उलट सगळंच कमी करणारा ॲटेन्युएटर लावा किंवा आरएफ गेन कमी करा. काटा शांत बसेपर्यंत खाली आणलात तरी कमकुवत स्टेशन हरवत नाही, कान मात्र दोन तास जास्त टिकतात. नॉइज ब्लँकर (आवाजाचे छोटे ठोके, म्हणजे पल्स, कापणारा) स्पर्धेत बंदच ठेवा, शेजारच्या दणदणीत सिग्नलला तो पल्स समजतो आणि सगळंच फाटकं ऐकू येतं. फिल्टर एसएसबीला (बोलून संपर्क करण्याच्या पद्धतीला) १.८ ते २ किलोहर्ट्झ.

जे घालवता येत नाही ते

मे महिन्याच्या अखेरीस डब्ल्यूपीएक्स या दुसऱ्या जागतिक स्पर्धेची मोर्स फेरी असते. तेव्हा आपल्याकडे वळवाचे दिवस. लांबवरच्या विजांचा कडकडाट कुठल्याही फेराइटने जात नाही. वरच्या बँडवर जा. आभाळ जवळ आलं तर स्पर्धा सोडून कोॲक्स काढा आणि तो घराबाहेरच ठेवा.

दुसरी गोष्ट दिवाळी. सीक्यू वर्ल्ड वाइडची एसएसबी स्पर्धा ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी येते. २०१६ आणि २०१९ मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं स्पर्धेच्या रविवारी होतं. दर बाल्कनीत एलईडीच्या माळा, आकाशकंदील. सणाला कुणाच्या दाराशी रेडिओ घेऊन जायचं नसतं. अशा वर्षी मी संध्याकाळ घरच्यांसोबत घालवतो, लवकर झोपतो आणि साडेतीनचा गजर लावतो. तोवर माळा विझलेल्या असतात आणि युरोपात अजून रात्र असते. स्पर्धा यूटीसीने (जागतिक प्रमाणवेळेने) शनिवारी शून्य वाजता सुरू होते, म्हणजे आपल्या पहाटे ५.३० ला. ऑक्टोबरच्या अखेरीस आपला सूर्योदय साधारण साडेसहानंतरचा, त्यामुळे पहिला तास ४० मीटरवर सोन्यासारखा असतो. तो झोपेत घालवू नका. कॉम्प्युटरचं घड्याळ आदल्या रात्रीच यूटीसीशी लावून ठेवा. लॉगमध्ये साडेपाच तासांची चूक राहिली तर इतकी मेहनत करून मिळवलेले संपर्क दुसऱ्याच्या लॉगशी जुळत नाहीत. आणि लॉग पाच दिवसांच्या आत पाठवा, संपर्क तीसच असले तरी.

कॉलसाइन अर्धवट ऐकून अंदाजाने लिहू नका. चुकलेल्या कॉलसाइनचे गुण जातात, वर दंड बसतो. आता ऐकू येतंय, तेव्हा परत विचारा. समोरचा थांबतो.

सध्या माझ्याकडे सातनंतर ४० मीटरवर एस४ असतो. लिफ्टचा आवाज अजून गेलेला नाही. ड्राइव्हच्या वायरींवर फेराइट बसवायचं काम लिफ्टच्या देखभालवाल्यांचं, त्यात आपण हात घालायचा नसतो, आणि त्यांच्याकडे पाठपुरावा सुरू आहे. तोवर एक सवय लावून घेतली आहे. तळमजल्यावरून लिफ्ट निघाली की काटा उचलला जातो, आणि चौथ्या मजल्यापर्यंत जायला तिला साधारण वीस सेकंद लागतात. घरघर सुरू झाली की मी तेवढ्यात माझी सीक्यूची हाक देऊन घेतो. ती वर पोचून थांबते आणि माझी ऐकायची वेळ होते.